एका डब्यात दोन चुली: विंडोज सोडून लिनक्सवर गेमिंग, सहा महिन्यांनंतर

लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच पीसी चालवणारी, पण फुकट मिळणारी सिस्टम, आणि सहा महिने मी त्यावर गेम खेळून राहिलो आहे. आधी पीसी सांगून टाकतो, नाहीतर मग 'माझ्या ४०७० कार्डावर तर मक्खन चालते' वाले येतात. आय५ ७४०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबीवालं ग्राफिक कार्ड, १०८०पी ६० हर्ट्झचा मॉनिटर. २०१८ साली नागपूरला बर्डीच्या बाजारात समोर उभं राहून जोडून घेतलेला डबा आहे, तेव्हा रॅम ८ होती, नंतर वाढवली. त्रिमूर्ती नगरला घर, डबा हॉलमध्ये कूलरच्या बाजूला, आणि त्याच्यावर हक्क दोघांचा, एक मी आणि एक माझा भाचा जो अकरावीच्या क्लाससाठी यवतमाळहून आमच्याकडे राहायला आला आहे. म्हणजे कागदावर तरी अभ्यासासाठी आला आहे.

तर झालं असं की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि त्याच्या आधीपासून दर चार दिवसांनी स्क्रीनभर निरोप यायचा की तुमचा पीसी विंडोज ११ ला चालत नाही. ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेल असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागते. माझा सातव्या पिढीचा. म्हणजे स्थळ चांगलं, घर चांगलं, पत्रिकेत बाकी सगळं जुळून राहिलं आणि नाडी एक निघाली. जुगाड करून ११ टाकता येते हे मला माहीत आहे, करणारे करतातही, पण पुढच्या एखाद्या अपडेटला काय होईल याचा भरवसा नाही आणि मला रोज रात्री देवाचं नाव घेऊन पीसी चालू करायचा नव्हता.

बर्डीवर विचारून आलो. दुकानवाला म्हणे, "भाऊ, बोर्ड, प्रोसेसर, रॅम तिन्ही बदला, आणि कार्ड पण आता म्हातारं झालं." मग कॅल्क्युलेटरवर जो आकडा दाखवला त्यात माझ्या गाडीचा इन्शुरन्स, सर्व्हिसिंग आणि अख्खी दिवाळी बसली असती. नंतर तर रॅमचे भाव जे चढले ते बघून वाटलं, बरं झालं तेव्हा होकार दिला नाही ते. त्या दिवशी दुकानातून फक्त ४८० जीबीची एक एसएसडी घेऊन घरी आलो, आणि बायकोला सांगितलं की कॉम्प्युटर नवा घेतला. खोटं नाही, अर्धा तर नवा झालाच होता.

लिनक्समध्ये डिस्ट्रो, म्हणजे त्याच्या अनेक प्रकारांपैकी एक, निवडणं म्हणजे इतवारीत साडी घ्यायला जाणं आहे, तीन तास बघा आणि शेवटी पहिलीच घ्या. गेमिंगवाले सगळे बॅझाइट, नोबारा, कॅचीओएस असं सांगतात. बॅझाइट आणि नोबारा हे फेडोरा नावाच्या मूळ लिनक्सवर बनलेले, कॅचीओएस आर्च नावाच्या, आणि स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीचं स्टीमओएसही आर्चवरच. मी लिनक्स मिंट २२ घेतलं जे उबुंटू २४.०४ वर बनलं आहे आणि २०२९ पर्यंत अपडेट मिळणार. कारण एकच, जुनं एनव्हिडिया कार्ड. मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर नावाची खिडकी आहे, तिथे क्लिक केलं, रीस्टार्ट केलं, ड्रायव्हर बसला. शिवाय मिंट अजून स्क्रीनवर चित्र दाखवणाऱ्या जुन्या एक्स११ वरच चालते आणि माझ्या कार्डाला तेच मानवते. सिक्युअर बूट, म्हणजे चालू होताना फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर घेणारं कुलूप, बायोसमधून (बोर्डाच्या सेटिंगमधून) आधीच बंद करून टाकलं होतं. एएमडी कार्डवाल्यांना तर हेही करावं लागत नाही, त्यांचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या मुळातच, असतो, इन्स्टॉल केलं की गेम चालू. नवीन कार्ड घेणार असाल आणि लिनक्सचा विचार असेल तर हे लक्षात ठेवा बाप्पा, मला २०१८ ला कोणी सांगितलं नाही.

इन्स्टॉल करताना एक शहाणपणा केला. विंडोजवाल्या एसएसडीची केबल काढून ठेवली, मिंट नव्या एसएसडीवर टाकलं आणि मग केबल परत लावली. कोणाचा कोणाच्या बूटलोडरला, म्हणजे सिस्टम सुरू करून देणाऱ्या भागाला, हात लागला नाही. आता चालू करताना एफ११ दाबायचं, कोणत्या चुलीवर स्वयंपाक करायचा ते निवडायचं. एकाच डिस्कवर पार्टिशन पाडून दोन्ही ठेवणारे धाडसी लोक आहेत, मी नाही.

पुढचे दोन दिवस मात्र माझेच पराक्रम. पहिला म्हणजे स्टीम मी मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टाकलं ते फ्लॅटपॅकवालं निघालं, म्हणजे ते आपल्या कुंपणात राहते, त्याला माझी दुसरी डिस्क दिसेचना. मी समजलो डिस्क गेली. परवानगी देता येते ते नंतर कळलं, पण मी ते काढून स्टीमच्या साइटवरची डेब फाइल, म्हणजे साधा इन्स्टॉलर, टाकली, सगळं सरळ झालं. दुसरा पराक्रम यापेक्षा मोठा. माझ्याकडे १ टीबीच्या जुन्या हार्ड डिस्कवर सगळे गेम विंडोजच्या एनटीएफएस या फाइल साठवायच्या पद्धतीत पडलेले होते, म्हटलं कशाला परत डाउनलोड करायचे, तिथूनच चालवू. स्टीमने फोल्डर ओळखलं, गेम दाखवले, प्ले दाबलं की दोन सेकंद चालू दिसायचं आणि गपकन बंद. एररही नाही काही नाही. वर विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ते खरं बंद होतच नाही, अर्धवट झोपते, आणि मग लिनक्स ती डिस्क फक्त वाचायला देते, लिहू देत नाही. हे दोन्ही एकत्र झालं तर माणूस लिनक्सला शिव्या देत परत जाते, आणि मी पण निघालोच होतो. शेवटी हार्ड डिस्क रिकामी करून लिनक्सच्या एक्स्ट४ पद्धतीत फॉरमॅट केली, गेम परत उतरवले, आणि त्या दिवसापासून ती कटकट संपली. म्हणून सांगतो, गेमची डिस्क लिनक्सचीच ठेवा. यात तडजोड नाही.

आता हे चालते कसं ते थोडक्यात, कारण भाच्याने विचारलं तेव्हा मला सांगता आलं नव्हतं. विंडोजचा गेम ग्राफिक कार्डाशी डायरेक्ट३डी या भाषेत बोलते. लिनक्सला ती येत नाही, त्याला व्हल्कन येते. मध्ये प्रोटॉन बसते, वाल्व्हने ऑगस्ट २०१८ ला काढलेलं. त्याच्या पोटात वाइन आहे, जे १९९३ पासून विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवायच्या मागे लागलं आहे, आणि सोबत दोन दुभाषे आहेत, डायरेक्ट३डी ८ ते ११ साठी डीएक्सव्हीके आणि १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन. नागपूरच्या माणसाला हे समजायला जड नाही, आपण बर्डीवर भाव हिंदीत करतो आणि मनातल्या मनात हिशेब मराठीत करतो, समोरच्याला पत्ता लागत नाही. तसंच. डीएक्सव्हीकेची गोष्ट मला लय आवडते, फिलिप रेबोले नावाच्या डेव्हलपरला निअर ऑटोमाटा हा गेम लिनक्सवर खेळायचा होता म्हणून त्याने ते लिहायला घेतलं, आणि आज स्टीम डेकसकट सगळं लिनक्स गेमिंग त्याच्यावर उभं आहे. एका गेमच्या हट्टापायी माणूस काय करेल सांगता येत नाही, आमच्याकडे त्याच हट्टापायी फक्त भांडणं होतात.

गेम. पहिले विचर ३ लावला कारण तो माझा आईच्या हातच्या वरणभातासारखा आहे, काही नवीन असलं की आधी तोच. डायरेक्टएक्स ११ वर, म्हणजे वरच्याच डायरेक्ट३डी ११ वर, मीडियम सेटिंगवर, विंडोजला सेकंदाला ४५ ते ५० फ्रेम मिळायचे, इथे ४२ ते ४८. मी मँगोहड हे फ्रेम मोजणारं सॉफ्टवेअर लावून कोपऱ्यात आकडे बघत होतो म्हणून कळलं, नाहीतर कळलं नसतं. मग हुशारी सुचली आणि २०२२ च्या अपडेटनंतरचं डायरेक्टएक्स १२ वालं लावून बघितलं. तिथे पार बोऱ्या वाजला. २५ च्या खाली, आणि नोव्हिग्राडमध्ये शिरलं की असे झटके की जणू घोडा नाही, वाडीच्या खड्ड्यातली ऑटो आहे. माझ्या कार्डाच्या पिढीवर, म्हणजे पास्कल, १२ चं भाषांतर लिनक्सवर जड जाते हे जगजाहीर आहे. नवीन एनव्हिडियावरही १२ च्या गेममध्ये विंडोजपेक्षा थोडं कमीच मिळते, एएमडीवर बहुतेक बरोबरीत. तेव्हा माझ्यासारखं १० सिरीजचं कार्ड असेल तर गेममध्ये ११ किंवा व्हल्कनचा पर्याय असेल तो घ्या, आणि ज्यात फक्त १२ च आहे त्याची आशा सोडा.

रेड डेड २ मध्ये व्हल्कन आधीपासूनच आहे, दुभाष्याचं काम अर्धं वाचलं, आणि तो विंडोजइतकाच चालला. ३५ ते ४०, कमी-मध्यम सेटिंगवर. माझ्या डब्याकडून यापेक्षा जास्त मागणं पाप आहे. हॉलो नाइट, स्टारड्यू व्हॅली यांची लिनक्सची स्वतःची आवृत्ती आहे, त्यात रिव्ह्यू लिहिण्यासारखं काही नाही, चालतात. माइनक्राफ्ट जावावालं पण तसंच.

जीटीए ५ माझ्याकडे एपिक या गेमच्या ऑनलाइन दुकानात आहे, लॉकडाऊनमध्ये मे २०२० ला फुकट दिला होता तेव्हा अख्ख्या देशाने घेतला होता, साइट बसली होती आठवते का. एपिकचा लाँचर लिनक्सला नाही, पण हिरोइक नावाचा फुकट लाँचर आहे, त्यात एपिक आणि जीओजी या दोन्ही दुकानांचं लॉगिन होते. पहिल्यांदा गेम बनवणाऱ्या रॉकस्टारचा लाँचर आतल्या आत इन्स्टॉल व्हायला त्याने रुसवेफुगवे केले, मी प्रोटॉन-जीई नावाची सुधारलेली आवृत्ती निवडली, मग मानला. स्टोरी मोड झकास. ऑनलाइन नाही. सप्टेंबर २०२४ ला त्यात बॅटलआय अँटी-चीट, म्हणजे लबाडी करून खेळणाऱ्यांना पकडणारं सॉफ्टवेअर, आलं तेव्हापासून लिनक्सवाल्यांना ऑनलाइनचा दरवाजा बंद आहे, स्टीम डेक या वाल्व्हच्या हातातल्या गेमिंग पीसीवाल्यांनाही.

सगळ्यात जास्त मजा आली ती एनएफएस मोस्ट वाँटेड हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम, २००५ वालाच, त्यात. कॉलेजच्या काळचं फोल्डर एका जुन्या डिस्कवर जपून ठेवलेलं होतं. विंडोज १० वर तो कधी चालायचा कधी रुसायचा. इथे बॉटल्स या वाइनवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला, चालला. मोठ्या स्क्रीनसाठी जो फिक्स टाकतात त्याची डीएलएल फाइल वाइन आपणहून उचलत नाही, सेटिंगमध्ये जाऊन डीइनपुट८ साठी 'आधी बाहेरची घे' असं सांगावं लागते, तेवढं केलं आणि रात्री दोनपर्यंत पोलिसांपुढे गाडी पळवली. वीस वर्षांपूर्वीचा विंडोजचा गेम विंडोजपेक्षा लिनक्सवर सुखाने चालून राहिला, यावर काय बोलायचं.

इथपर्यंत वाचून जर वाटत असेल की सगळं गोड आहे तर आता थांबा.

इन्स्टॉल झाल्याच्या तिसऱ्या दिवशी भाचा क्लासवरून आला, दप्तर टाकलं, पीसीसमोर बसला. "मामा, वॅलोरंटचा आयकॉन कुठं गेला?"
मी म्हटलं, "नाही चालत रे यात."
"मग काय चालते यात?"
"बाकी सगळं."
तो माझ्याकडे असा बघत राहिला जसं मी त्याला सांगितलं की सावजीत गेलो होतो पण रस्सा नाही घेतला, बाकी सगळं घेतलं.

आणि त्याचं चूक नाही. वॅलोरंट या ऑनलाइन गेमचं व्हॅनगार्ड हे अँटी-चीट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे पार मुळाशी, पीसी चालू होतानाच जाऊन बसते. लिनक्सच्या मुळाशी त्याला जागा नाही आणि कंपनीला ती करायचीही नाही. लीग ऑफ लेजेंड्सला पण २०२४ मध्ये तेच लावलं, आधी चालायचं ते बंद झालं. कॉल ऑफ ड्यूटी नाही, पबजी नाही, बॅटलफील्ड ६ नाही, ईएचे अलीकडचे फुटबॉल नाहीत. अ‍ॅपेक्स चालायचं, ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी तेही बंद केलं, कारण दिलं की लिनक्सवरून चीटर येतात. फोर्टनाइटची तर गंमत बघा, इझी अँटी-चीट एपिकच्या मालकीचं, ते २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकते, एल्डन रिंगमध्ये चालतेच, पण एपिकच्या स्वतःच्या फोर्टनाइटमध्ये लिनक्सला परवानगी नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. एक गोष्ट नीट समजून घ्या, यातले कित्येक गेम तांत्रिकदृष्ट्या चालू शकतात, कंपनीने एक खटका दाबायचा असतो, ती दाबत नाही. त्यामुळे 'थोडं सेटिंग करून होईल' असं म्हणून रात्री जागू नका. होत नाही. वर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे लिनक्सच्या आत विंडोज चालवून, पण होत नाही, मी दोन रात्री घालवून हे शिकलो आहे, तुम्ही माझ्या रात्री वापरा.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की 'लिनक्स गेमिंगला चांगलं का' हा प्रश्नच अर्धवट आहे, विचारायचं ते हे की तुम्ही संध्याकाळी कोणासोबत खेळता. एकटे खेळत असाल, स्टोरी गेम, इंडी, जुने गेम, तर आज रात्री टाका, खरंच. चार दोस्तांसोबत खेळत असाल तर डिस्ट्रो बघायच्या आधी दोस्तांचा गेम बघा. प्रोटॉनडीबी या साइटवर गेमचं नाव टाकलं की प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ, बोर्क्ड (म्हणजे चालतच नाही) असा दर्जा मिळते आणि खाली लोकांनी काय काय करून बघितलं ते पण. पण प्लॅटिनम दिसलं म्हणून नाचू नका, तळाशी जाऊन आपल्या कार्डाचे रिपोर्ट शोधा, एएमडीवाल्याचं प्लॅटिनम माझ्या १०५० टीआयला ब्राँझ लागते. अँटी-चीटसाठी आर वी अँटी-चीट येट नावाची साइट आहे, ती आधी उघडा, मग बाकीचं.

आमचा कॉलेजचा ग्रुप रविवारी रात्री दहाला बसते, एक पुण्यात, एक हैदराबादला, दोघं इथेच, एक मनीष नगरला तर एक जरीपटक्याला. पाच वर्षं वॅलोरंट. मी सांगितलं की माझं आता जमत नाही, तर पहिला आठवडा सगळ्यांनी मिळून माझी लाल केली. दुसऱ्या आठवड्यात हैदराबादवाला म्हणाला, अबे सीएस२ फुकट आहे, तो खेळू. काउंटर-स्ट्राइक २ लिनक्सवर थेट चालते, प्रोटॉनही लागत नाही, वाल्व्हचाच गेम. माझ्याकडे विंडोजला ९० च्या आसपास फ्रेम यायचे, इथे ७० च्या आसपास, धुराचा गोळा फुटला की त्याहून कमी. हा फरक जाणवते, खोटं नाही बोलणार, मी मरतो तेव्हा ड्रायव्हरला दोष देतो आणि ग्रुपमध्ये आता कोणी ते मानत नाही. पण ग्रुप टिकला.

भाच्याचा ग्रुप मात्र अकरावीतला, ते काही मामासाठी गेम बदलणार नाहीत. त्यामुळे विंडोजवाली एसएसडी जागेवर आहे, त्यात वॅलोरंट आणि फक्त वॅलोरंट. ऑफिसचं काम, बँक, वीज बिल सगळं मिंटवर. दोन चुली ठेवल्याचा एक विनोद असा होते की भाचा विंडोज चालू करते तेव्हा घड्याळ साडेपाच तास मागे दिसते, कारण लिनक्स बोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज त्याच घड्याळाला स्थानिक वेळ समजते. आपलं साडेपाच तासांचं अंतर बरोबर दिसून येते. लिनक्सला एका कमांडने सांगता येते की तू पण स्थानिक वेळ धर. मी ते महिनाभर केलं नाही. रात्री साडेअकराला हा खेळत बसलेला, मी म्हटलं, "झोप आता." तर स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणे, "मामा, सहाच वाजले." त्या रात्री कमांड मारली.

उन्हाळ्याचं वेगळं सांगावं लागते कारण हे पुण्याच्या माणसाला कळणार नाही. स्टीम गेम सुरू करायच्या आधी व्हल्कनचे शेडर, म्हणजे ग्राफिक कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम, तयार करते, एक पट्टी सरकत राहते, प्रोसेसरचे चारही कोर शंभर टक्क्यांवर. एरवी ठीक आहे, पण एप्रिलमध्ये बाहेर ४४ आणि हॉलमध्ये कूलर असूनही ३४, तेव्हा वीस मिनिटं पूर्ण जोर लावून चालणारा पीसी म्हणजे घरात दुसरी शेगडी. पंख्याचा आवाज कूलरच्या वर गेला. बायको आतून म्हणाली, "काय दळून राहिले हो त्याच्यात?" स्किप करता येते, पण मग सुरुवातीला गेममध्ये झटके बसतात. मी आता नवीन गेम किंवा मोठं अपडेट असलं की सकाळी सहाला पट्टी लावून तर्री पोहे आणायला जातो, येईपर्यंत झालेलं असते. ड्रायव्हर बदलला की काही गेमचं हे परत होते, तेवढी कटकट आहे.

आणि लाइट. दुपारी अपडेट चालू असताना लाइट गेली, यूपीएसची बॅटरी मेलेली, पीसी बंद. परत चालू केला तर डेस्कटॉप आला पण सॉफ्टवेअर अपडेट अर्धवट अडकलेलं, नवीन काही इन्स्टॉल होईना. इथे मिंटचं टाइमशिफ्ट कामाला आलं, ते आधीच्या दिवसाचा फोटो काढल्यासारखी पूर्ण सिस्टम ठेवते, दहा मिनिटांत कालच्या जागेवर आलो. एक अट, ते पहिल्याच दिवशी चालू करून ठेवलं पाहिजे. मी ठेवलं होतं हे माझं नशीब, शहाणपण नाही, सुरुवातीच्या वेलकम खिडकीत दिसलं म्हणून क्लिक केलं होतं. यूपीएसची बॅटरी पण त्याच संध्याकाळी बदलली.

बारीकसारीक सांगून टाकतो. हजार-बाराशेचा वायरवाला कंट्रोलर लावला तसा चालला, त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असते. प्लेस्टेशनचे पण चालतात. खेळताना ग्रुपशी बोलायचं डिस्कॉर्ड चालते पण नवीन आवृत्ती आली की बऱ्याचदा म्हणते डेब फाइल उतरवा, मग रविवारी दहाला सगळे आलेले आणि मी डाउनलोड करून राहिलो. मायक्रोसॉफ्टचा गेम पास असेल तर त्यातले डाउनलोडवाले गेम विसरा, ते अ‍ॅप विंडोजचंच आहे. ज्या कीबोर्डचे रंग फक्त कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून बदलतात त्यांचं आधी बघून घ्या, माझ्यात फंक्शनच्या बटणाने बदलतात म्हणून वाचलो. मराठी टायपिंग आयबस या टायपिंगच्या सोयीतून इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावून आरामात होते, हे सगळं मी तिथेच टाइप करून राहिलो आहे, जोडाक्षरं नीट दिसतात.

ब्लॅक स्क्रीन? सहा महिन्यांत एकदा, कर्नल अपडेटनंतर, बूट मेनूत जाऊन आधीचा कर्नल निवडला, आला. विंडोजवर सहा महिन्यांत किती वेळा काय झालं ते मी मोजलं नव्हतं, त्यामुळे तुलना करत नाही.

पैशाचा हिशेब मात्र साफ आहे. एसएसडीचे तीन हजारांच्या आत, यूपीएसच्या बॅटरीचे वेगळे, ते तर कधीतरी लागणारच होते. बाकी सगळं फुकट, मिंटही आणि प्रोटॉनही. मी मिंटला पाचशे रुपयांच्या आसपास देणगी पाठवली, लाज वाटली म्हणून.

आता काळजी कार्डाची आहे. एनव्हिडियाने पास्कल पिढीसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका ठरवली, ५९० पासून १० सिरीज बाहेर. मिंट सावकाश चालणारं असल्यामुळे ५८० वर मी बसून राहीन, आर्चवर ज्यांचं जुनं कार्ड आहे त्यांना जुना ड्रायव्हर वेगळा शोधून लावावा लागला. माझ्या दृष्टीने पुढचा खर्च ठरलेला आहे, कधीतरी एएमडीचं एक जुनं आरएक्स ६६०० कार्ड बघायचं, म्हणजे १२ च्या गेमचं पण रडगाणं संपेल. बोर्ड, प्रोसेसर तेच राहतील, दुकानवाल्याला वाईट वाटेल.

विंडोजच्या चुलीचं इंधनही मोजकंच आहे. मायक्रोसॉफ्टने १० ला सुरक्षा अपडेटची एक वर्षाची मुदतवाढ दिली, ती घेतली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. त्यानंतर काय ते भाच्याने परवा जेवताना विचारलं, आणि मी उत्तर देणार तेवढ्यात माझी बहीण, जी यवतमाळहून आली होती, पोळी वाढता वाढता म्हणाली, "फेब्रुवारीत बारावीचा पेपर आहे याचा. ऑक्टोबरला बंद होते का ते? आपोआप? बरं आहे की मग."

भाच्याने माझ्याकडे बघितलं. मी भाजी घेतली.